अप्पांचा मोडका हात आणि कर्दमची तलवार

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका घरगुती टेबलाचं आहे. २०२२ च्या पावसाळ्यात आम्ही पाच जणांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चं कॅम्पेन सुरू केलं. चार खेळाडू, आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर, मी. दर दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाच ते नऊ, कोथरूडमधल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात. नियम पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ च्या पुस्तकातले. जग मात्र आमचं स्वतःचं: घाट, खाडी, खाडीच्या तोंडाशी एक पाणकोट आणि घाटातल्या जकातीवर पोसलेली एक जुलमी सत्ता.

खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. डीएम परिस्थिती सांगतो, खेळाडू आपापलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि निकालाची खात्री नसेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. त्यात पात्राच्या कागदावरचा आकडा मिळवायचा. बेरीज ठरलेल्या अंकापर्यंत, म्हणजे ‘डीसी’पर्यंत, पोचली तर काम झालं.

खेळाडूंची नावं इथे देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. टेबलावर आम्ही एकमेकांना पात्राच्या नावानंच हाक मारतो, इथेही तेच करतो. त्यामुळे ‘अप्पा म्हणाले’ असेल तिथे ते पात्र, आणि ‘अप्पा म्हणाली’ असेल तिथे ते पात्र खेळणारी मैत्रीण. ‘ओवी म्हणाला’ हीसुद्धा लिहिण्यातली चूक नाही. ओवी ही देवळातली पुजारीण आमच्यातला सगळ्यात अबोल मुलगा खेळतो.

अप्पा कॉलेजात एकांकिका करायची, पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींत रात्री काढलेली. तिचे अप्पा म्हणजे उजवा हात मोडलेले म्हातारे हवालदार. त्यांची अख्खी तुकडी कुणाच्या तरी हुकमावरून छावणीतच जाळली गेली होती, आणि तो हुकूम कुणाचा होता हे शोधायला ते बाहेर पडले होते. पात्र बनवताना वाटायला आकडे असतात १५, १४, १३, १२, १० आणि ८. फायटर, म्हणजे लढवय्या, म्हटल्यावर कुणीही १५ ताकदीला देईल. तिनं ताकदीला १३ दिले, कारण हात मोडलेला. पंधरा शहाणपणाला, चौदा बुद्धीला, आणि करिष्म्याला आठ, कारण अप्पांना गोड बोलता येत नाही. चौथ्या लेव्हलला फीट, म्हणजे एक जादा कौशल्य, घ्यायची वेळ आली तेव्हा तिनं तीन नव्या भाषा देणारी ‘लिंग्विस्ट’ घेतली. सरहद्दीवर वीस वर्षं काढलेला माणूस भाषा शिकणारच, असं तिचं म्हणणं.

कर्दमचा खेळाडू सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. कुठल्याही व्यवस्थेत फट कुठे आहे हे शोधणं त्याचं कामही आहे आणि आनंदही. त्याचा कर्दम अर्धएल्फ, पाच लेव्हल पॅलाडिन (धर्मयोद्धा) आणि एक लेव्हल हेक्सब्लेड वॉरलॉक (करार करून शक्ती मिळवणारा जादूगार). ही एक लेव्हल घेतली की तलवार ताकदीऐवजी करिष्म्यावर चालते. पॅलाडिनच्या मंत्रांनाही करिष्माच लागतो. म्हणजे एकच आकडा वाढवायचा, आणि तलवार, मंत्र, बोलणं, तिन्ही एकदम वाढतात. सहाव्या लेव्हलला त्याचा करिष्मा १८ होता. ही रचना देखणी आहे, आणि ती बेईमानी नव्हती. नियमात होतं तेवढंच त्यानं घेतलं.

ओवी हा कर्दमचा मावसभाऊ, मला दादा म्हणतो. चौथा टिटवी, ‘रोग’ म्हणजे चोरट्याचं पात्र खेळणारा. त्याच्याबद्दल शेवटी.

पहिल्या बैठकीत मी सेशन झिरो घेतलं होतं, अर्ध्या तासाचं. वेळ ठरवली, कुठले विषय टेबलावर नकोत ते विचारलं, खाण्याच्या पैशांचं ठरवलं. कुणाला या खेळातून काय हवंय, हे विचारलं नाही. सगळे मित्र, तेव्हा सगळ्यांना तेच हवं असणार असं मी धरून चाललो.

अडचण

कुरबुर महिनाभर चालू होती, पण तीन प्रसंगांनी ती उघड्यावर आली.

पहिला प्रसंग घाटाच्या जकातदाराचा. सात बैठका मी या माणसाची हवा बांधली होती. अप्पांच्या तुकडीला जाळण्याचा हुकूम कुणी दिला, हे माहीत असलेला तो एकटाच जिवंत माणूस. तो समोर आला, मी त्याचं पहिलं वाक्य बोललो, आणि इनिशिएटिव्हमध्ये, म्हणजे लढाईतल्या पाळ्या ठरवताना, कर्दमचा नंबर पहिला लागला. त्यानं बोनस ॲक्शननं, म्हणजे पाळीतल्या छोट्या जादा कृतीनं, हेक्सब्लेडचा शाप लावला. पहिला वार लागला, त्यावर स्माइट, म्हणजे मंत्रांच्या मोजक्या साठ्यातला एक ‘स्लॉट’ खर्चून वाढवलेला घाव: २२. दुसऱ्या वाराला फाशावर १९ पडले. शाप असताना १९ लाही क्रिटिकल धरतात. दुसऱ्या दर्जाचा स्लॉट, सगळे फासे दुप्पट, आठ फासे एकदम टेबलावर: ४५. जकातदाराचे हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजणारा आकडा, ६५ होते.

कर्दमनं दोन्ही हात वर केले. ओवीनं टाळी दिली. अप्पा काहीच बोलली नाही, आणि मग एवढंच म्हणाली, “त्याला जिवंत पकडायचं होतं रे.”

“मग सांगायचंस ना!” कर्दम म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. दोन बैठकांपूर्वी अप्पांनी शेकोटीपाशी ते सांगितलं तेव्हा तो पुढच्या लेव्हलचा हिशेब करत होता.

दुसरा प्रसंग खाडीवरचा. नावाडी पलीकडे न्यायला तयार नव्हता, कारण मागच्या खेपेला त्याचा मुलगा बुडाला होता. अप्पा पुढे झाले. त्यांनी आपल्या तुकडीतल्या सगळ्यात लहान पोराबद्दल सांगितलं, ज्याला त्यांनी त्या रात्री पहाऱ्यावरून आत झोपायला पाठवलं होतं. दोनेक मिनिटांचं बोलणं. आवाज चढवला नाही, रडणं आणलं नाही. बोलता बोलता अप्पा टेबलावरची एक सोंगटी बोटानं सरळ करत राहिली, आणि आम्ही सगळे त्या बोटाकडे बघत होतो.

मग मी म्हणालो, “पर्सुएशन टाक,” म्हणजे मन वळवण्याचा फासा.

डीसी १५. तिचा आकडा उणे एक. फाशावर ११, बेरीज १०. “नाही,” मी म्हणालो, “तो मान हलवतो.”

“मी टाकतो,” कर्दम म्हणाला. चार्जर लावायला तो उठला होता, तिथूनच त्यानं फासा टाकला. सतरा आणि सात, चोवीस. आणि मी म्हणालो की नावाडी तयार होतो.

नियमानं सगळं बरोबर होतं. अप्पाची शक्यता २५ टक्के होती, कर्दमची ६५ टक्के. पण जे हृदयापासून बोललं गेलं ते वाया गेलं आणि जे बोललंच गेलं नाही ते फळलं. त्यानंतर तीन बैठका अप्पांच्या तोंडून मी एक पूर्ण वाक्य ऐकलं नाही.

तिसऱ्या प्रसंगात पारडं फिरलं. पुलावरच्या लढाईत समोरच्या सैनिकांच्या अंगावर अप्पांच्या जुन्या पलटणीचा गणवेश निघाला. अप्पांनी तलवार खाली टाकली. दोन फेऱ्या ते नुसते उभे राहिले. पात्राला धरून होतं, मला पटलंही. पण त्या दोन फेऱ्यांत डावी बाजू उघडी पडली, ओवी शून्यावर गेली, मृत्यूचे दोन फासे हुकले. तिसरा हुकला असता तर ओवी गेली असती. टिटवीनं धावत जाऊन औषध पाजलं म्हणून वाचली.

बैठक संपल्यावर जिन्यात कर्दम म्हणाला, “तुझ्या अभिनयाची किंमत ओवीनं का मोजायची?” अप्पा म्हणाली, “आणि तुझ्या गणिताची माझ्या गोष्टीनं?” त्या रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर पुढच्या शनिवारची विचारणा कुणी केली नाही.

दोघांच्या बाजू मी आज शांतपणे लिहितोय, तेव्हा तेवढा शांत नव्हतो. कर्दमची बाजू अशी: पात्र मेलं की त्याची गोष्ट तिथेच संपते, म्हणून जगेल असं पात्र बनवणं ही गोष्टीचीच काळजी आहे. अप्पाची बाजू अशी: एकांकिकेत शेवट सगळ्यांना माहीत असतो. इथे तो कुणालाच माहीत नाही, म्हणून तर ती खेळायला येते, आणि निकाल आकड्यानं आधीच लावलेला असेल तर तिनं यायचं कशाला. दोघंही खरं बोलत होते.

कोणते पर्याय होते

हा वाद जुना आहे. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ काढला तो युद्धखेळांच्या पोटातून, त्यामुळे आकडे त्याच्या हाडातच आहेत. १९८० मध्येच ग्लेन ब्लॅको यांनी खेळाडूंच्या चार ओढी मांडल्या होत्या, त्यात ताकद जमवणारे आणि गोष्ट सांगणारे वेगवेगळे दिसतात. पुढे खेळाडूंनीच ‘स्टॉर्मविंड फॅलसी’ असं नाव रूढ केलं: पात्र आकड्यांनी चोख बनवलं म्हणजे ते अभिनयानं खेळता येत नाही, हा समजच चुकीचा. मला हे पटतं. पण आमच्या टेबलावर समज चुकीचा आहे हे सिद्ध करून भागणार नव्हतं, शनिवारची संध्याकाळ वाचवायची होती.

सगळ्यात सोपा उपाय होता बंदी. २०१४ च्या पुस्तकात मल्टिक्लासिंग (कर्दमसारखं एकाच पात्रात दोन वर्ग मिसळणं) आणि फीट दोन्ही ऐच्छिक नियम आहेत, डीएम नाही म्हणू शकतो. पण एक वर्ष खेळल्यावर एखाद्याच्या पात्रातून एक लेव्हल कापून घेणं म्हणजे शिक्षा, आणि शिक्षा करावी असा गुन्हा झाला नव्हता.

दुसरा उपाय खेळच बदलण्याचा. ‘फेट’सारख्या खेळात पात्राची उणीव आड आली की खेळाडूला गुण मिळतात, अप्पांचा मोडका हात तिथे भांडवल ठरला असता. अप्पा एका पायावर तयार होती. कर्दमला मात्र बिल्ड, म्हणजे पात्राची आकड्यांची रचना, बनवण्याचा जो आनंद हवा होता तो तिथे मिळाला नसता. त्याचं सुख काढून तिला द्यायचं, यात समतोल कसला?

तिसरा, ज्याचा मोह मला झाला आणि जो मी केलासुद्धा, तो म्हणजे शत्रू गुपचूप फुगवणं. जिन्यातल्या भांडणाच्या आधीची गोष्ट. दलदलीतल्या ओग्रशी लढाई होती. कर्दम त्याला दुसऱ्या फेरीत संपवणार हे दिसल्यावर मी पडद्यामागे त्याचे हिट पॉइंट वाढवले. कर्दम वहीच्या कोपऱ्यात बेरीज मांडत होता. तो शांतपणे म्हणाला, “ओग्रला ५९ असतात. फाशांनी काढले, दहा बाजूंचे सातही फासे दहा पडले, तरी अधिक २१ धरून ९१. आपण ९६ दिलेत, आणि हा अजून उभा आहे.”

मी म्हणालो की हा वेगळा ओग्र आहे. त्यानं मान डोलावली आणि वही मिटली. ती वही मिटताना मला जे वाटलं ते मी विसरलेलो नाही. त्याच्यासाठी आकडे हा शब्द होता, आणि मी शब्द मोडला होता. शिवाय फुगलेला शत्रू कर्दमला नव्हे, ओवी आणि टिटवीला जड जातो. शस्त्रांची ही शर्यत टेबलावरच्या सगळ्यात कमकुवत पात्राच्या जिवावर चालते.

चौथा पर्याय, टेबल दोन भागांत तोडणं, कुणी उच्चारला नाही, पण प्रत्येकाच्या मनात येऊन गेला असणार.

काय केलं

आधी एकेकट्याशी बोललो. ग्रुपवर नाही. कर्दमला एका अमृततुल्यवर भेटलो आणि ओग्रची कबुली दिली. त्याआधी दुसरं काही बोलणं बरोबर झालं नसतं. तो म्हणाला, “वाढवायचे तर आधी वाढव. माझ्या वारानंतर नको.” ती अट मी तेव्हापासून पाळतोय.

मग मी त्याला एक प्रश्न विचारला, जो वर्षभर विचारायला हवा होता: हेक्सब्लेड म्हणजे कुणाशी तरी केलेला करार. कर्दमनं तो कुणाशी केला? त्यानं कपातला शेवटचा घोट घेतला आणि म्हणाला, “ती लेव्हल मी करिष्म्यासाठी घेतली रे. गोष्टीचं काही ठरवलंच नाही.”

“मग करार तू लिही,” मी म्हणालो. “अटी तूच घाल. पण त्यात फट असता कामा नये.”

चार दिवसांनी त्यानं पाठवलेला कागद मी जपून ठेवलाय. त्यात एक अट अशी होती: शाप लावायचा तर शत्रूचं खरं नाव मोठ्यानं घ्यायचं, आणि घेतलेलं प्रत्येक नाव तलवारीच्या मालकाच्या वहीत जातं. वही भरली की मालक काय मागणार, हे त्यानं माझ्यावर सोडलं होतं. हे बंधन मी घातलं असतं तर ती कपात ठरली असती. त्यानं स्वतः घातलं, आणि एका रात्रीत नावं शोधणं ही कर्दमची गरज झाली. नावं माणसांकडून मिळतात, त्यासाठी बोलावं लागतं.

अप्पाशी फोनवर बोललो. आकडे बदलायची मुभा देतो म्हणालो, तर ती चिडली. “हात मोडलाय म्हणून तेरा दिलेत. फासा जिंकायचा म्हणून मी तो हात बरा करू?” तिचं बरोबर होतं. मी तिला एवढंच म्हणालो, अप्पा जे आहेत ते कागदावरही दिसायला हवं. वीस वर्षं माणसांना हुकूम दिलेला हवालदार आहे, आणि कागदावर तो नुसता एक वाईट तलवारबाज आहे.

यातून वाट काढली ती कर्दमनं, आणि माझ्या मते या प्रकरणातला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे. मी त्याला विचारलं, तिचा एकही आकडा न बदलता हवालदार बनवता येईल का? त्याच्यासारख्या माणसाला असं कोडं म्हणजे मेजवानी. एका रविवारी तो अप्पाच्या घरी गेला आणि दोन तास बसला. तिनं फायटरमध्ये चॅम्पियन शाखा घेतली होती, जी फक्त स्वतःचे वार सुधारते. त्यानं ती बदलून बॅटल मास्टर सुचवली. “रॅली घेऊ नकोस,” त्यानं सांगितलं, “ती करिष्म्यावर चालते, तुझा नऊ आहे.” (माणूस असल्यानं आठाचे नऊ झाले होते.) “कमांडर्स स्ट्राइक घे. तू तुझा एक वार सोडायचा आणि दुसऱ्याला हुकूम द्यायचा. तो त्याच्या रिॲक्शनवर, म्हणजे तुझ्या पाळीतच, वार करतो, वर तुझा आठ बाजूंचा फासा त्याच्या घावात मिळतो. तुझा हात मोडलाय तर मोडू दे. माझा वापर.”

अप्पानं मला नंतर सांगितलं की “माझा वापर” ऐकल्यावर तिचा राग गेला. लिंग्विस्ट तिनं सोडली नाही. त्यानंही हट्ट धरला नाही.

उरलेलं मी माझ्या बाजूनं दुरुस्त केलं. बोलण्याच्या प्रसंगांसाठी डीएमच्या पुस्तकातच एक पद्धत आहे: समोरचा माणूस स्नेही, तटस्थ की वैरी हे आधी ठरवायचं, त्याला काय प्रिय आहे ते ठरवायचं, आणि बोलणं तिथे जाऊन भिडलं तर त्याचा कल बदलायचा. मग फासा, तोही अजून शंका उरली असेल तर. मी हे पान वाचून सोडून दिलं होतं. आता ठरवलं की एका विनवणीला एकच फासा. बोलणं वर्मी लागलं तर एकतर फासाच नाही किंवा ॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. नुसतं “मी टाकतो” चालणार नाही.

इथे ओवीनं हात वर केला. तो फार कमी बोलतो, म्हणून शब्दशः देतो. “दादा, मला असं बोलता येत नाही. मग ओवीनं कुणाला समजवायचंच नाही का?” रानटी योद्धा खेळणाऱ्याला आपण कपाट उचलून दाखव म्हणत नाही. मग करिष्मा खेळणाऱ्याकडून भाषण का मागायचं? तेव्हा नियमाची भाषा बदलली. कसं बोललास ते मोजायचं नाही, काय बोललास ते मोजायचं. “मी त्याला त्याच्या मुलाची आठवण करून देते” एवढं एक वाक्यही पुरतं. अप्पाच्या दोन मिनिटांचं आणि ओवीच्या एका वाक्याचं वजन नियमात सारखं.

शेवटचा बदल विश्रांतीचा. पुस्तक गृहीत धरतं की दोन मोठ्या विश्रांतींच्या (म्हणजे स्लॉट परत भरून देणाऱ्या झोपेच्या) मध्ये पार्टी साधारण सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी झेलू शकते. आमच्याकडे दिवसाला एक मोठी लढाई आणि मग झोप. म्हणजे कर्दम सगळे स्लॉट पहिल्या फेरीत ओतायचा, कारण जपून ठेवण्याचं कारणच मी दिलं नव्हतं. तो राक्षसासारखा ताकदवान वाटत होता, त्यातलं निम्मं माझं वेळापत्रक होतं. आता मोठी विश्रांती फक्त सुरक्षित गावात. या एका बदलानं जेवढा फरक पडला तेवढा बंदीनं पडला नसता.

परिणाम

चार बैठकांनंतर पाणकोटाच्या दरवाजात जी लढाई झाली ती सांगतो. समोर कोटाचा कप्तान. हुकूम त्यानंच दिला होता, आणि तो अप्पांचा जुना शिष्य निघाला. कर्दमकडे तीन स्लॉट उरले होते. शाप लावला तर काम सोपं, पण कप्तानाचं खरं नाव फक्त अप्पांना ठाऊक.

“अप्पा,” कर्दम म्हणाला, पात्राच्या आवाजात, “त्याचं नाव?”

अप्पा बराच वेळ गप्प होती. पंखा आणि खालच्या रस्त्यावरची रिक्षा, एवढंच ऐकू येत होतं. घाई करावीशी कुणाला वाटली नाही, कर्दमलाही नाही.

“नाव नाही सांगणार,” अप्पा म्हणाले. “ते मी बारशाला ऐकलंय. त्या वहीत नाही जाऊ देणार. पण तो डावा खांदा टाकून वार करतो, ते मीच शिकवलंय. मी सांगेन तेव्हा मार.”

आणि पुढच्या फेरीला तिनं स्वतःचा वार सोडला. “कर्दम, आता!” रिॲक्शनवर कर्दमचा वार, लागला, वर अप्पांच्या फाशाचे सहा, आणि कर्दमनं त्यात दुसऱ्या दर्जाचं स्माइट ओतलं. शेवटच्या घावाला त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही, अप्पाकडे बघून विचारलं: “जिवंत?” ती म्हणाली, “जिवंत.”

शाप नसल्यानं लढाई दोन फेऱ्या लांबली. टिटवी खाली पडला, ओवीचे सगळे मंत्र संपले. कर्दमनं हिशेब करून सांगितलं की नाव न घेतल्यानं साधारण चाळीसेक घाव कमी बसला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याला तो आकडा माहीत असणं आवडलं होतं: अप्पांचं मौन किती महाग पडलं ते मोजता आलं होतं. इतके दिवस आमच्याकडे आकडे एका खोलीत आणि गोष्ट दुसऱ्या खोलीत राहत होती. त्या संध्याकाळी एकाच निर्णयावर दोघांचा भार आला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. बोलण्याचे प्रसंग लांबतात, एका संध्याकाळी लढाईच झाली नाही आणि कर्दम कंटाळला. त्यानं ते मोकळेपणानं सांगितलं. आता महिन्यातून एकदा आम्ही नुसत्या डावपेचांची एक संध्याकाळ करतो, नवी पात्रं, कडक बिल्ड, गोष्ट जेमतेम. अप्पा त्याला येत नाही, आणि कुणी त्याचं वाईट वाटून घेत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे जकातदार. पाचव्या आवृत्तीत जवळच्या शस्त्राचा शेवटचा घाव मारायचा की बेशुद्ध करायचं, हे मारणाऱ्याला ठरवता येतं. हा नियम मला पाठ होता. फासे पडल्यावर मी फक्त विचारायचं होतं: “मारतोस की पाडतोस?” अप्पानं तिथेच तोंड उघडलं असतं. कर्दमनं नक्की पाडलं असतं. तीन महिन्यांचा मनस्ताप तीन शब्दांनी टळला असता, आणि ते तीन शब्द माझेच होते.

दुसरं, पुलावरची तलवार. अप्पानं ती टाकली तेव्हा मी थांबून चौघांना विचारायला हवं होतं की याची किंमत सगळ्यांना चालेल का. पात्र तसंच वागेल हे खरं, पण पात्र तसं वागेल हे ठरवणारा खेळाडू असतो, आणि शेजारी बसलेल्याच्या पात्राचा जीव त्यात गुंतलेला असतो. गणवेश बघून अप्पा थरथरत लढले असते, वार हुकवले असते, तरी प्रसंग उभा राहिला असता.

कुणी विचारेल की नवे नियम घेतले असते तर? २०२४ च्या सुधारित पुस्तकात स्माइट हा बोनस ॲक्शनचा मंत्र झालाय. शापही बोनस ॲक्शनच मागतो, आणि बोनस ॲक्शन एका वळणात एकच. जकातदार त्या हिशेबानं पहिल्या फेरीत मेला नसता. पण मग पाणकोटाच्या दरवाजात अप्पांच्या हुकमावर, दुसऱ्याच्या वळणात, कर्दमला स्माइटही मारता आलं नसतं. नियमानं एक भोक बुजतं तेव्हा एखादी खिडकीही बुजते. मी अजून जुनंच पुस्तक वापरतो.

आणि टिटवी. पाणकोटानंतर दोन बैठकांनी त्यानं येणं थांबवलं. नोकरीचं कारण दिलं, ते खोटं नव्हतं, पण पुरेसं नव्हतं. या सगळ्या काळात तो वेळेवर आला, आपल्या पाळीला नेमकं खेळला, पुलावर ओवीला त्यानंच वाचवलं. भांडला नाही, म्हणून मी त्याला भेटायला अमृततुल्यवर गेलो नाही. दोन पूर्ण बैठका आम्ही कर्दम आणि अप्पा यांच्या तडजोडीवर घालवल्या, तेव्हा तो फासे रंगाप्रमाणे लावत बसला होता, आणि मला ते दिसलं होतं.

मी तेव्हा प्रत्येक पात्रासाठी एक कार्ड केलं होतं. वर एक प्रश्न: याला काय हवंय, आणि ते मिळवायला कागदावर काय आहे? कर्दमचं कार्ड दोन्ही बाजूंनी भरलेलं आहे. अप्पांचं तिच्याच अक्षरात आहे. ओवीनं तीन शब्द लिहिले, पण लिहिले. टिटवीच्या कार्डावर प्रश्नाखाली माझ्या अक्षरात लिहिलंय, “पुढच्या वेळी विचारायचं.”